तांब्याभर पाणी आणि दोन दिवे

आमच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी संपते, मग आरटीओत तपासणीला न्यायची आणि पाच वर्षांची मुदत वाढवून आणायची. इंजिनाची कुरकुर नाही, टायर मागच्या दिवाळीतले. अडचण होती ती तोंडाची. पुढचे दोन्ही दिवे असे पिवळे पडले होते, की भर दुपारीसुद्धा आतला बल्ब दिसत नव्हता. आंबा घाटात पावसाळ्यात दोनदा मी ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला धरून खाली उतरलोय. दिवा माझा नव्हे, ट्रकचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी योगायोगानं घरात दोन जाणकार एकदम हजर होते. एक माझे मामा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी सारी नोकरी डाय पॉलिश करण्यात घालवली. प्लॅस्टिकचा डबा साच्यातून चकचकीत बाहेर पडतो, कारण कुणीतरी तो साचा आतून आरशासारखा घासलेला असतो. तो ‘कुणीतरी’ म्हणजे मामा. दुसऱ्या माझ्या वहिनी. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात त्या क्वालिटीला आहेत. म्हणजे एकानं जन्मभर घासलं आणि दुसरीनं ओरखडा दिसला की माल परत पाठवला. मधे माझी गाडी. मला काम एकच होतं, बादली भरून आणायची.

मामा : दोन-तीन तासांचं काम हाय. आठशे नंबरनं धरायचं, तीन हजाराला सोडायचं. आरसा करून देतो भाच्या तुला.

वहिनी : मामा, हात लावायच्या आधी एवढंच सांगा, तुम्ही काढणार काय?

मामा : घाण. दुसरं काय? पिवळी घाण बसलीया.

वहिनी : घाण असती तर पंधरा वर्षांत शाम्पूनं गेली असती. ती दिव्याची कातडी आहे.

मामा : काचंला कातडी?

वहिनी : काच कुठंय? पॉलिकार्बोनेट आहे, प्लॅस्टिक. हातोडी मारली तरी फुटणार नाही. पण सहज ओरखडा निघेल इतकं मऊ, आणि उन्हाशी त्याचं अजिबात जमत नाही. म्हणून कारखान्यात त्याच्यावर एक कडक लेप चढवतात. जाडी विचाराल तर केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. एवढ्याशा लेपावर सगळा संसार. धुळीनं, वाळूनं, उन्हानं तो लेप आधी बारीक चिरतो, मग पापुद्रे सुटतात. तुम्हाला पांढुरकं दिसतं ते हे. आणि लेप गेला की खालच्या प्लॅस्टिकला ऊन लागतं, त्यातले रेणू तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांच्याशी जुळतो आणि ते पिवळं पडतं. तुम्ही घासणार म्हणजे आहे-नाही तो लेप खरवडून काढणार. तुमच्या चष्म्यावरही असाच लेप असतो. हजार नंबर फिरवाल का त्याच्यावर?

मामा : चष्मा माझा हाय. गाडी ह्याची हाय.

हे मामांचं नेहमीचं. मुद्दा अडला की ते माझ्याकडं बोट दाखवतात. पण त्यांच्या मनात खरा राग होता तो प्लॅस्टिकवर, आणि तो त्यांनी लगेच बाहेर काढला.

मामा : पद्मिनीचा दिवा आठवतो का? गोल. जाड काच, तिच्यावर उभ्या रेघा पाडलेल्या. चाळीस वर्षं उन्हात ठेवा, काय होत न्हवतं. दगड लागला तर फुटायचा. मग दुकानात जायचं, नुसती काच आणायची, रिंग आवळायची. झालं. अँबॅसिडरचं तेच. मग ही अवदसा कुणाला सुचली?

वहिनी : एकाला नाही, दोघांना. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांना पत्ता नसताना हे प्लॅस्टिक बनवलं. दिव्यावर यायला मात्र तीस वर्षं गेली. अमेरिकेत १९४० पासून ठरलेल्या मापाचे काचेचे बंद दिवेच लावायचे, असा नियम होता. तो १९८३ मध्ये सैल झाला. पुढच्याच वर्षीच्या लिंकनच्या एका मॉडेलला गाडीच्या अंगाबरोबर वळलेले दिवे आले, आणि मग कुणी मागं वळून पाहिलं नाही. तुमच्या गोल काचेतल्या रेघा प्रकाश पसरवायला होत्या. आता ते काम आतला आरसा करतो, म्हणून समोरचं अंग नितळ लागतं. त्याला वाटेल तो आकार द्यायचा तर काच परवडत नाही. शिवाय वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि अपघातात काचांचा सडा पडत नाही.

मामा : समदं फायद्याचं. मंग पिवळं का पडतंय?

वहिनी : सांगितलं की. ऊन.

मामा : ऊन म्हणं. ऊन समद्यांनाच लागतंय.

इथं मला राहवलं नाही. मी गच्चीवर गेलो. कबुतरं येऊ नयेत म्हणून मामीनं दोन-तीन वर्षांपूर्वी दोरीला जुन्या सीड्या बांधल्या होत्या, मामांच्याच भजनांच्या. त्यातली एक तोडून आणली आणि कपाटातली एक शेजारी ठेवली. सीडीसुद्धा याच प्लॅस्टिकची असते. फरक एवढाच, की तिला दिव्यासारखा कडक लेप नसतो, कारण ती उन्हात टांगायची कल्पना तिच्या शोधकांना शिवलीच नव्हती. कपाटातली पाण्यासारखी. गच्चीवरची कडेनं हळदुली, मधे दुधी, बोट फिरवलं तर खरखरीत. मामांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या. साचा पाहणाऱ्या माणसाची एक नजर असते, उजेडात वस्तू तिरकी धरून तिच्यावरून डोळा घसरवायचा. तशी त्यांनी नजर घसरवली.

मामा : दोन वर्षांत ही दशा?

वहिनी : लेप नसेल तर. दिवा दहा-बारा वर्षं टिकला तो लेपाच्या जिवावर. तुम्ही तो काढलात की तुमचा दिवा आणि ही सीडी एकाच रांगेत.

वहिनींचा हा मुद्दा मला पुरता पटला, आणि तरी त्यांची बाजू मला पुरी पडली नाही. कारण घासलं नाही म्हणून लेप परत येतो थोडाच? गेला तो गेलाच. मामांच्या बाजूनं बोलायचं तर फाटका सदरा काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. पण आधी माझाच गुन्हा कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी मी टूथपेस्ट लावून हे दिवे चोळले होते. चमकले. मी फोटोसुद्धा काढला. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, ती वरची खरखर तेवढी गुळगुळीत करते. सुटलेला लेप जागच्या जागी राहतो. तीन आठवड्यांत दिवे पुन्हा होते तसे. त्यानंतर एका बाजाराच्या आवारात एक बाटलीवाला भेटला. ‘साहेब, दोन मिनिटांत नवी काच.’ माझं उत्तर येण्याआधीच त्यानं फडकं ओलं करून उजवा दिवा पुसला होता, आणि खरंच, दिवा आरपार झाला. डाव्याचे पैसे ठरेनात म्हणून डावा तसाच राहिला. बाटलीत काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. वासावरून थिनरच्या घरातलं कुणीतरी होतं.

वहिनी : म्हणजे त्यानं वरचं प्लॅस्टिक विरघळवून सारवलं. खड्डे भरल्यासारखे दिसतात. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, हे सगळं या प्लॅस्टिकला विष. लोक डास पळवायचा, अंगाला लावायचा स्प्रेसुद्धा मारतात दिव्यावर. तोही हेच करतो. आधी चमक, मग चिरा.

मामा : बरं, झालं ते झालं. आता ह्याचं काय करायचं ते बोला. नवीन दिव्याचा भाव काय?

मी : साडेतीन हजाराच्या आसपास. एकाचा.

मामा : म्हंजे सात हजार. आणि पेपर दीडशेचे.

वहिनी : मामा, तुमच्याकडं पाण्याचा तांब्या आहे?

मामा : हाय की. का, चक्कर येतीया?

वहिनींनी तांब्या घेतला आणि डाव्या दिव्यावर संथ धार धरली. आम्ही तिघं वाकलो. पिवळेपणाचा पडदा कुणी बाजूला सारावा तसा दिवा उघडला. बल्ब, त्याची चिमटी, मागचा चांदीसारखा आरसा, सगळं दिसलं. धार थांबली, पाणी ओघळलं, दिवा पुन्हा मिटला. मग उजवा. तोही थोडा उघडला, पण आत जाळं राहिलं. लोणच्याच्या जुन्या बरणीवर पडतात तशा बारीक, एकीला दुसरी फुटलेल्या रेघा.

वहिनी : पाणी ओरखड्यात भरतं. पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो, प्रकाश विखरायचा थांबतो. पाण्यानं साफ दिसलं तर दोष वरवरचा, घासून जाईल. पाणी घातल्यावरही दिसत राहिलं तर दोष खोल आहे, नाहीतर आतल्या बाजूला. गॅरेजवाले ‘दिव्याला मोतीबिंदू झाला’ म्हणतात. मोतीबिंदू आतला असतो. जास्त वॅटचे बल्ब कोंबले की आतून भाजतं, आरसा करपतो. त्याला मोतीबिंदू म्हणा हवं तर. त्याला बाहेरून कितीही घासा.

मामांना ही युक्ती आवडली. त्यांनी तांब्या स्वतः भरून आणला आणि दोन्हीवर पुन्हा ओतून पाहिलं. मग गाडीच्या उभं राहण्याची दिशा पाहिली. तोंड दक्षिणेला, उजवी बाजू पश्चिमेला, दुपारचं सगळं ऊन उजव्या दिव्यावर. डाव्याला शेजाऱ्यांच्या रामफळाची सावली. ‘एका गाडीचे दिवे, पण नशीब येगळं,’ म्हणाले.

वहिनी : माझं म्हणणं सरळ आहे. दिवा हा दागिना नाही. त्याचं काम रस्त्यावर आहे. अमेरिकेत ट्रिपल ए म्हणून मोटारचालकांची संस्था आहे. त्यांनी २०१८ मध्ये धुरकटलेले दिवे मोजले. नव्याच्या सुमारे वीस टक्केच उजेड. घासून लेप लावल्यावर सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत आला. नवीन बसवला की शंभर.

मामा : सत्तर टक्के म्हंजे फर्स्ट क्लास झाला की!

वहिनी : आणि उरलेल्या तीस टक्क्यांत उसाची ट्रॉली उभी असेल तर?

हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर लागला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. कधी चाक बसलं म्हणून रस्त्यातच सोडलेल्या. वहिनींनी बोटांवर हिशेब केला. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, पंचवीस मीटर तिथंच संपले. पुढं गाडी थांबायला आणखी वीस. पंचेचाळीस मीटरवरचं दिसत नसेल तर साठनं जायचा अधिकार नाही.

मामा : आगं पण आत्ता तर ईस टक्क्यांवर फिरतोय न्हवं ह्यो! सत्तर केलं तर पाप व्हतंय व्हय? ज्याच्याकडं सात हजार हायेत त्यानं शंभर करावेत. रिक्षावाल्यानं काय करायचं? टेंपोवाल्यानं? त्याला तू सांगणार नवीन घाल, आणि त्यो काहीच करणार न्हाई. ईसवरच फिरणार.

वहिनी गप्प झाल्या. मला वाटतं, दिवसभरात मामांनी काढलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. पण वहिनींचा खरा आक्षेप अजून यायचाच होता, तो उजेड किती यावर नव्हता, कुठं जातो यावर होता.

वहिनी : कमी उजेड एक वेळ चालवून घेऊ, सावकाश जाऊ. पण धुरकट दिवा प्रकाश गिळत नाही नुसता, तो फेकतो. वर, आजूबाजूला, समोरच्याच्या डोळ्यात. तुमचा दिवा खराब आणि आंधळा होतो समोरचा.

मामा : व्हय, म्हणून पूर्वी दिव्याचा वरचा भाग काळा रंगवायचे. ट्रकला, गाडीला, समद्यांना काळा ठिपका.

वहिनी : तो त्याच भांडणाचा जुना तोडगा. आता ते काम दिव्याच्या आतच होतं. डिपरवर उजेडाला एक रेघ असते, रेघेच्या वर अंधार. आपण डावीकडून चालतो म्हणून ती रेघ डाव्या अंगाला जरा वर चढते, कडेचा माणूस दिसावा म्हणून. ती रेघ पुसली गेली की दिवा दिवसा कितीही चमको, मी तो नापास करते.

मामा : मंग असं करू. मी दोन्ही घासतो. रातच्याला भिंतीवर रेघ बघू. तू पास-नापास कर.

असं ठरलं. पुढचे तीन तास मी बादल्या बदलत होतो, पण त्या तीन तासांत जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.

मामांनी पेपर अर्धा तास पाण्यात भिजत घातले. पाण्यात शाम्पूचा एक थेंब. दिव्याच्या कडेनं रंगावर कागदी टेप, एकावर एक दोन थर. ‘पहिला थर आपल्या चुकीसाठी,’ म्हणाले. बोटांनी पेपर धरायचा नाही, कारण बोटांचे खड्डे प्लॅस्टिकवर उमटतात. त्यांनी पायातल्या जुन्या स्लिपरचा तुकडा कापून त्याच्यावर पेपर गुंडाळला. डाव्याला आठशे नंबर, आडवे हात. पाणी पिवळसर सुटलं, पातळ पिठल्यासारखं. वहिनी म्हणाल्या, हा लेप आणि त्याच्याखालचं करपलेलं. दहा मिनिटांनी दिवा आधीपेक्षा भयाण दिसायला लागला. नकाशा असावा तशी बेटं. मधे मधे चिकटून राहिलेला लेप, कडेला सोललेलं. इथंच लोक घाबरतात आणि पुढचा नंबर घेतात. मामा घाबरले नाहीत. बेटं संपेपर्यंत, पाणी पिवळ्याचं पांढरं होईपर्यंत, आठशेच. मग दिवा सगळीकडं सारखा दुधी झाला, एखाद्या न्हाणीघराच्या खिडकीसारखा.

मामा : आता हजार, पण उभे हात. का? तर मागच्या नंबरच्या आडव्या रेघा दिसत राहत्यात. त्या पुरत्या मेल्या की मंगच पंधराशे, पुन्हा आडवे. मागच्या नंबरची रेघ मागंच मारायची. पुढं घेऊन गेलास की ती तीन हजारालाबी मरत न्हाई. आयुष्यभर मी हेच केलंय, दुसऱ्याच्या रेघा मारल्या.

वहिनी हे सगळं हाताची घडी घालून पाहत होत्या. दोन हजारावर त्यांनी घडी सोडली. शेजारच्या पोरानं ड्रिलला बफ लावून आणला होता, ‘काका, पाच मिनिटांत होईल.’ त्यावर दोघं एकदम ‘नको’ म्हणाले. एका जागी बफ ठरला की प्लॅस्टिक तापून सारवतं. मामांना ते हातानं ठाऊक होतं, वहिनींना अंशांत. सकाळपासून दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

उजव्याला त्यांनी सहाशेनं सुरुवात केली. पिवळेपणा गेला, बेटं गेली, पण रेघांचं जाळं पातळ झालं तरी राहिलं. खोल चीर घासून जात नाही. सगळं अंग चिरेच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. मामांनी सहाशे दोनदा बदलला, मग घड्याळ पाहिलं आणि पुढं सरकले. ते असं कधी करत नाहीत.

शेवटी कंपाउंड, सुती फडकं, आणि दिवे कोरडे. काय सांगू? मामी बाहेर आल्या आणि ‘नवीन आणले?’ म्हणाल्या. दोन शेजारी आपापल्या गाड्यांची तोंडं पाहून परत आले. उजवासुद्धा चार पावलांवरून नवाच दिसत होता.

वहिनी : सुंदर. आणि आता दोघं उघडे आहेत. संध्याकाळच्या आत अंगावर काहीतरी घाला.

मामा : माझ्याकडं लॅकर हाय. फर्निचरचं. दोन हात मारतो.

वहिनी : त्यातला थिनर बाटलीवाल्याचंच काम करेल, आणि उन्हाला अडवायचं त्यात काही नाही. गाडीचा दोन भागांचा क्लिअर कोट येतो, अतिनील अडवणारा. घरच्या कामात तो सगळ्यात टिकाऊ. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून तो मारायचा नसतो, आणि तुम्हाला दमा आहे.

मामा : मंग?

वहिनी : फिल्म. बंपरला लावतात ती जाड पारदर्शक, रंगीत नाही. ती ऊन खाते. दोन-चार वर्षांनी ती पिवळी पडेल, तेव्हा सोलून दुसरी लावायची. दिव्याला पुन्हा पेपर लावायची वेळ येणार नाही.

मामा : म्हंजे गंजीफ्रॉक. मळला की बदलायचा.

ॲक्सेसरीच्या दुकानातून दोन तुकडे आणले. साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगवायची, मधून कडेकडं पाणी दाबून काढायचं, वळणावर हेअर ड्रायरची थोडी ऊब. डाव्यावर ती छान बसली. उजव्याची वहिनींनी थांबवली. ‘आधी भिंत,’ म्हणाल्या.

रात्री नऊला शाळेच्या भिंतीसमोर गेलो. जमीन सपाट, गाडी आठेक मीटरवर, डिपर चालू. वहिनींनी आधी उजव्यासमोर पुठ्ठा धरला. भिंतीवर डाव्याची रेघ उभी राहिली. अगदी धारदार नव्हे, पण रेघच. डाव्या टोकाला वर चढलेली, वर अंधार. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग पुठ्ठा डाव्यासमोर गेला. उजव्याचा उजेड कमी नव्हता. भिंतीवर भरपूर होता, खाली होता, वर होता, शाळेच्या नावाच्या पाटीवर होता. रेघ तेवढी कुठं नव्हती.

वहिनींनी मला भिंतीपाशी जायला सांगितलं. समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाचे डोळे जितक्या उंचीवर असतात, तितका वाकून उभा राहिलो. डावा लागला तेव्हा मला गाडीचा आकार, नंबरप्लेट, मामांचे पाय, सगळं दिसत होतं. उजवा लागला आणि मी डोळे मिटले. मिटायचे ठरवून नव्हे.

‘मी बघतो,’ म्हणून मामा आले. गुडघे धरून माझ्या जागी वाकले. पुठ्ठा इकडून तिकडं, तिकडून इकडं गेला. तिसऱ्या वेळी ते उठले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

मामा : उजवा बदल.

वहिनी : डावा पास. खरं सांगायचं तर मला वाटलं नव्हतं.

मामा : तुझ्या कारखान्यातनं आण उजवा.

वहिनी : कारखान्यातून एकेक नग देत नाहीत. पण दुकानातून घेताना स्वस्तातला डुप्लिकेट घेऊ नका; त्यावर लेपाच्या नावानं काय असेल ते देव जाणे, दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा इथंच येऊ. दिव्यावरची अक्षरं बघून घ्या.

मामांनी मोबाइलची बॅटरी लावून डाव्या दिव्यावर वाचायला सुरुवात केली. एच, सी, आर. हॅलोजन, डिपर, अप्पर, वहिनी सांगत गेल्या. पुढं पी, एल. ‘हे काय?’ प्लॅस्टिकचं भिंग. ‘लिवलंय की सरळ,’ मामा म्हणाले, ‘आणि आम्ही पंधरा वर्षं काच म्हणतोय.’

नवा उजवा दिवा सोमवारी बसवला, त्याच दिवशी त्याला गंजीफ्रॉकही घातला. जुना मी भंगारात टाकणार होतो, तोवर मामांचा फोन आला. तो दिवा घेऊन ये, म्हणाले, आणि येताना चारशे नंबरचे दोन पेपर. कशाला, म्हणून विचारलं.

‘चीर कुठपर्यंत गेलीया ते बघायचंय.’